जुने पाच, नवे पाच

लाराश, रविवार, १३ मे २०१२

मामा,

तुमच्या हाताचं चुंबन घेते, मामीच्या कपाळाचं घेते आणि माझ्या लेकीचं, वियामचं तर जितकं घ्यावं तितकं कमीच.

मुद्दाम कागद घेऊन बसलेय. फोनवर मामीशी बोललं की ती तुम्हाला निम्मंच सांगते, तेही तिच्या सोयीचं. तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून आपलं खरं बोलणं पत्रातच होतं. आणि तुमच्यासारख्या घड्याळजीला फोनवरचे दोन शब्द पाठवायची लाज वाटते, हेही खरं.

स्ट्रॉबेरीचा हंगाम ऐन भरात आहे. दिवसभर कारखान्यात फिरत्या पट्ट्यासमोर उभं राहून देठ काढायचे, मऊ पडलेली बाजूला टाकायची, चांगली गोठवायला पुढे सरकवायची. नखं अशी लाल झालीत की मेंदी लावून लग्नाला निघालेय असं वाटावं. पगार सरकारने ठरवलेल्या किमान दराने, तासावर. आठ ते पाच काम, मध्ये तासभर जेवण, म्हणजे आठ तास. कार्डावर तसंच लिहितात. नियमात बसतं सगळं, तक्रारीला जागा नाही.

तक्रार माझीच माझ्याबद्दल आहे, मामा. दोन वर्षांपूर्वी तलाक झाला आणि वियामला तुमच्याकडे सोडलं, तेव्हा मी म्हटलं होतं की शाळेच्या वयाची झाली की घेऊन जाईन. येत्या सप्टेंबरात ती शाळेच्या वयाची होतेय. शेजारची मन्नाना तिला शाळेतून आणून सांभाळायला तयार आहे, पण ती संध्याकाळी सहाच्या बसने भाकऱ्या विकायला बंदराकडे जाते. मला घरी पोचायला तिच्या बसनंतर अर्धा तास होतो. तेवढा वेळ सहा वर्षांची पोर दाराबाहेरच्या पायरीवर एकटी बसणार का? आमच्या गल्लीत तर नाहीच.

एप्रिलमध्ये हे जमेल असं वाटत होतं. मग सरकारने उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे ढकललं आणि सगळंच बिघडलं. सकाळी अंधारात उठते, संध्याकाळी पाय ओढत येते. सगळ्या बायका म्हणतात, सरकारने आपला एक तास खाल्ला. हलीमा मुकादमीण म्हणते, "तास कुणी खाल्ला नाही गं, तूच हळू झालीस." असेलही. तिसाव्या वर्षी म्हातारी झाले म्हणायची.

काय करू ते सांगा.

तुमची नुझहा

॰

तेतुआन, शुक्रवार, १८ मे

नुझहा पोरी,

सलाम. पत्र मिळालं. मामीने आधी फोडलं, वाचलं, मग मला दिलं. या घरात टपालखातंही तिचंच आहे.

तू सरकारच्या तासाबद्दल लिहिलंस आणि माझ्या दुखऱ्या दाढेवर बोट ठेवलंस. चाळीस वर्षं या दुकानात लोकांची घड्याळं लावतोय मी. सूर्य ठरवेल ती वेळ. आता टीव्हीवर कुणीतरी येऊन सांगतो की आजपासून चारला पाच म्हणा! मी म्हणत नाही. दुकानातलं मोठं घड्याळ जुन्या वेळेवर आहे आणि राहील. गिऱ्हाईक अदबीने विचारतं, "सी मफद्दल, किती वाजले?" त्याचे ओठ वाचून मी विचारतो, "तुला कुठले हवेत?" निम्मे हसतात, निम्मे समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

तुझ्या कामाचं म्हणशील तर आठ तास म्हणजे आठ तास. तासाला किमान दर मिळतोय, आठवड्याचे तास कायद्यात बसतात. मी कागदावर आठ ते पाच मांडून पाहिलं, जेवणाचा तास वजा केला, बरोबर आठ आले. मालकाने काही लुबाडलेलं नाही. तुझी झोप लुबाडली ती सरकारने, आणि त्याच्यापुढे आपण काय करणार?

तेव्हा पोरीला इथेच राहू दे. इथली शाळा जवळ आहे, मी पुढच्या आठवड्यात तिचं नाव घालून टाकतो. ती इथे मजेत आहे. अजान झाली की माझी बाही ओढते आणि बोटाने मिनाराकडे दाखवते, म्हणून तर माझी नमाज चुकत नाही. परवा बाही ओढली, मी उठून वजूसाठी हातपाय धुतले, तर कळलं की अजान नव्हतीच, गाढववाला ओरडत होता. पोट धरून हसली लबाड.

तू हळूबिळू काही झालेली नाहीस. हलीमाला म्हणावं, स्वतःच्या कंबरेचं बघ.

तुझा मामा

॰

लाराश, रविवार, २७ मे

मामा,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. गाढववाल्याच्या जागी तिन्ही वेळा हसले आणि शाळेच्या जागी तिन्ही वेळा रडले. लपवून काय करू?

घाला तिचं नाव. तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिथे ती सुखात आहे. आई म्हणून माझ्याकडे तिला द्यायला एक खोली आहे आणि थकलेली मी. मन्नाना म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." पण पुढच्या वर्षी ती मला आई म्हणेल की लाराशहून येणारी पाहुणी म्हणेल, कोण जाणे.

तुम्हाला वाटेल मी रडगाणं गातेय. कामाचं म्हणाल तर बायका चांगल्या आहेत. सकाळी फाटकावर बा लार्बी पहारेकरी त्याच्या डोक्यावरचं घड्याळ बघून कार्डावर आठ लिहितो आणि प्रत्येकीला काहीतरी टोमणा मारतो. सगळ्यात जड जातो तो दिवसाचा शेवट. ऊन उतरायला लागलं की अस्रची अजान होते, तेव्हा हात पेट्यांत असतात. मला वाटतं, चला, संपलं आता. पण नंतर अख्खी एक खेप येते पट्ट्यावर. पायांना गोळे येतात. मग कुठे शीतगृहाच्या दारावरच्या घड्याळात पाच वाजतात आणि हलीमा कार्डांवर पाच लिहून टाळी वाजवते. अजान आणि टाळी यांच्यामधला तो वेळ मला सगळ्या दिवसाहून लांब वाटतो.

वियामला सांगा, आईने तिच्यासाठी स्ट्रॉबेरीचा मुरंबा केलाय. पेट्या वाहून नेणाऱ्या ड्रायव्हरबरोबर पाठवते. अर्धा तुम्ही खा, मामीला कळू न देता. तिची साखर वाढलीय म्हणे.

नुझहा

॰

तेतुआन, शुक्रवार, १ जून

पोरी,

हे पत्र बसून वाच.

काल दुकानात शाळेतला एक मास्तर घड्याळाचा पट्टा बदलायला आला होता. पट्टा लावून मी घड्याळ फडक्यावर ठेवलं, तेवढ्यात वियामने बाही ओढली. अस्र. या वेळी खरीच, कारण मास्तरही उठला. मी सवयीने माझ्या मोठ्या घड्याळाकडे बघितलं, तर चार वाजून गेलेले. फडक्यावर मास्तरचं घड्याळ होतं, सरकारी वेळेवरचं. त्यात पाच वाजून गेलेले. अजान एकच.

मी तिथेच बसलो. मास्तर मशिदीत जाऊन परत आला तरी मी बसलेलोच. नमाज गेली माझी काल, उगाच पोरीला बोल लावू नकोस.

तू लिहिलंस की अजान होते तेव्हा तुझे हात पेट्यांत असतात आणि पाच वाजायला अजून अख्खी खेप बाकी असते. अगं, अस्रला सरकारी पाच वाजलेलेच असतात! तुझी शीतगृहावरची वेळ जुनी आहे. आणि फाटकावरची? तू सकाळी अंधारात उठतेस, म्हणजे ती नवी आहे. तुम्ही नव्या आठला आत जाता आणि जुन्या पाचला बाहेर पडता. जुने पाच म्हणजे नवे सहा. कार्डावर आठ ते पाच लिहिलं की कुणालाही आठ तास दिसतात, मला मूर्खालाही दिसले. पण उभ्या तुम्ही नऊ तास असता.

सरकारने तास खाल्ला म्हणून मीही बोंब मारत होतो. सरकारला तास खाता येत नाही, नुझहा. ते फक्त सकाळचा उचलून संध्याकाळी ठेवतं. मला ते आवडत नाही, पण ठेवतं हे खरं. तुझा संध्याकाळी परत मिळायला हवा होता. तो त्या दारावरच्या घड्याळात अडकलाय.

आणि कायदा तासाला बांधलाय. आठ तासांचे पैसे नऊ तासांवर पसरले तर प्रत्येक तासाची मजुरी किमान दराच्या खाली जाते. वर जास्तीच्या तासाला जास्त दर द्यायला हवा तो वेगळाच. हे चुकून झालंय की मुद्दाम, ते मला इथून दिसत नाही. तू विचार. भांडू नकोस, फक्त एवढंच विचार की कुठलं घड्याळ?

शाळेच्या दारापर्यंत गेलो होतो मंगळवारी. तुझं तीनदा रडणं आठवलं, नाव घातलं नाही. पहारेकरी जेवायला गेला होता असं मी मामीला सांगितलंय. तू तिला उलटं काही सांगू नकोस.

मफद्दल मामा

॰

लाराश, रविवार, १० जून

मामा,

पत्र वाचलं आणि रात्रभर छताकडे बघत राहिले. राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. सहा आठवडे आम्ही ऐंशी बायका त्या दाराखालून जातोय. हातातल्या घड्याळांना आत बंदी, फोन कपाटात. बाहेर पडल्यावर जी ती मनातल्या मनात जुन्याचं नवं आणि नव्याचं जुनं करत असते, सकाळचं एक टोक आणि संध्याकाळचं दुसरं टोक एकत्र कुणी धरलंच नाही.

मी विचारलं. हलीमाने वर बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. खरं सांगते, तिलाही ठाऊक नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "घड्याळ फार उंच आहे, शिडी मोडलीय, म्हणून कुणी काटा हलवला नाही." ती वर साहेबांना विचारून आली. साहेब म्हणाले, "जुलैत रमजान लागला की सरकार स्वतःच वेळ मागे घेणार, तोवर कळ काढा." मी विचारलं, "आणि ईदनंतर पुन्हा पुढे जाईल तेव्हा?" हलीमा पेट्या मोजायला वळली.

बायकांत कुजबुज चालू आहे. काही म्हणतात नुझहाचं बरोबर, काही म्हणतात हिच्यामुळे सगळ्यांचं काम जाईल.

अक्षराला हसू नका. पेन खराब आहे, शाई अडते. थोडक्यात आटोपते.

नुझहा

॰

तेतुआन, गुरुवार, १४ जून

पोरी,

ड्रायव्हरबरोबर पेन पाठवतोय. माझं स्वतःचं, चांगलं लिहितं. सोबत मामीने लोकरीचे हातमोजे घातलेत. मी म्हटलं, "जूनमध्ये हातमोजे? वेडी झालीस का?" तर म्हणाली, "तुम्ही पत्र वाचता, मी अक्षर वाचते." मला काही कळलं नाही, पण तिच्याशी वाद घालायला कान लागतात.

एकच लिहितो. उंचावरच्या घड्याळाला शिडी लागते, अजान देणाऱ्या मुअज्जिनला लागत नाही. तो नव्याचाही नाही आणि जुन्याचाही नाही. या दिवसांत तो तुमचं काम सुटायच्या वेळेलाच हाक मारतो. तेवढं ऐका.

वियाम रोज विचारते, आईचं घड्याळ नीट झालं का? मी म्हणतो, होतंय. मला खोटं पाडू नकोस.

मामा

॰

लाराश, रविवार, १ जुलै

मामा आणि मामी, दोघांनाही एकत्रच लिहिते, मामी नाहीतरी आधी वाचणारच.

मामी, तुला सलाम. त्यांनी मला शीतगृहात टाकलं होतं. विचारल्याच्या दुसऱ्या दिवशीच. गोठलेल्या पेट्या रचायच्या, बोटं वाकत नव्हती, म्हणून ते तसलं अक्षर. लिहिलं नाही, कारण मामांनी लगेच बसमध्ये बसून इथे येऊन साहेबांची कॉलर धरली असती. हातमोजे मिळाले तेव्हा मी त्यांत तोंड लपवून रडले. ऊब लागली म्हणून नाही, कुणीतरी ओळखलं म्हणून.

आता झालं ते ऐका. मामा, तुमची मुअज्जिनची ओळ मी जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवली. मग सगळ्यांत म्हातारी तामू बोलली. ती वर्षानुवर्षं काही बोललेली कुणाला आठवत नाही. म्हणाली, "मी घरी जाऊन चुकलेली नमाज कजा म्हणून पढते, इतकी वर्षं. आज वेळेवर पढेन म्हणते."

बुधवारी अस्रची अजान झाली. तामूने अंगरखा सोडला, टोपी काढली, पट्ट्यापासून मागे सरली आणि अंगणात गेली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. मी शीतगृहातून बाहेर आले तोवर पट्टा रिकाम्याच पेट्या फिरवत होता. हलीमा धावत आली, "अगं, चार वाजलेत! चार!" तामू म्हणाली, "अल्लाकडे तक्रार कर, हाक त्याने मारलीय." नमाजीला कोण अडवणार? ऐंशी बायका अंगणात रांगेने उभ्या राहिल्या. ज्या कधी पढत नाहीत त्याही उभ्या होत्या, बाजूचीचं बघून वाकत होत्या. देवाने गोड मानून घ्यावं.

नमाज झाली आणि कुणी आत गेलं नाही. सरळ फाटकाकडे. बा लार्बीने आम्हाला येताना पाहिलं, मग डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं. साहेब वरच्या खिडकीतून ओरडले, "लार्बी, फाटक उघडू नकोस!" बा लार्बी म्हणाला, "साहेब, सकाळी मी ह्याच घड्याळाने ह्यांना आत घेतलं. आता ह्यालाच खोटं पाडलं तर सकाळची सगळी कार्डंही खोटी. एका कारखान्यात दोन घड्याळं म्हणजे एका घरात दोन सासवा, मला जमायचं नाही." आणि कडी काढली.

मामा, बाहेर ऊन होतं. इतकं ऊन शिल्लक होतं! आम्ही वेड्यासारख्या रस्त्यावर उभ्या राहून हसत होतो.

दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी आठजणी मिळून कामगार निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. तरुण बाई आहे, चष्मेवाली. आधी तिला वाटलं आम्ही सरकारी वेळेविरुद्ध तक्रार घेऊन आलोय. म्हणाली, "बायांनो, ते माझ्या हातात नाही, मीही सकाळी अंधारातच उठते." समजल्यावर मात्र तिने पर्स उचलली आणि आमच्याच व्हॅनमध्ये बसून आली. फाटकावरचं घड्याळ बघितलं, आत जाऊन दारावरचं बघितलं आणि साहेबांना एवढंच विचारलं, "तुमची कार्डं ह्यातल्या कुणाचं ऐकतात?" साहेबांनी शिडीची गोष्ट सांगितली. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, अजून कळत नाही. पण एप्रिलपासूनचा रोजचा तास जोडून द्यायचं लिहून दिलंय, जास्तीच्या दराने. आणि मी पट्ट्यावर परत आले. हंगाम संपत आलाय, पण पुढे मिरच्यांचं काम आहे. सगळ्यांना घेणार आहेत. तामूलाही.

शिडी दुपारीच आली. कुठून तरी लगेच सापडली. हलीमा स्वतः चढली. काटा फिरवून खाली उतरली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "माझी पोरंही दाराबाहेर बसायची गं."

त्या बुधवारी मी मन्नानाच्या बसच्या आधी घरी होते. ती टोपलीवर फडकं टाकत होती. मला बघून म्हणाली, "आजारी आहेस का?"

मामा, सप्टेंबरात मी वियामला न्यायला येऊ का? तुम्हाला विचारतेय, सांगत नाहीये. तुमची बाही कोण ओढेल, हे मला माहीत नाही असं समजू नका.

तुमची नुझहा

॰

तेतुआन, रविवार, १६ सप्टेंबर

नुझहा पोरी,

तू पोरीला घेऊन गेलीस त्याला आज दहा दिवस झाले. घर फार शांत झालंय असं मामी म्हणते. मला काय, मला नेहमीच शांत असतं, पण मीही मान डोलावतो.

खरं सांगतो, तिला पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला आठ ते पाच असा हिशेब लगेच बरोबर वाटला, कारण तो तसाच बरोबर असावा अशी माझी इच्छा होती. बस. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

वियामचं पत्र मिळालं. एकच ओळ आहे, अक्षरं उलटीपालटी, पण मला वाचता आली: आई रोज मन्नानाच्या आधी येते. मामीने ती दुकानात चिकटवलीय.

आता अस्रला माझी बाही कुणी ओढत नाही. पहिले दोन दिवस नमाज चुकली. मामी म्हणाली, समोरच्या शिवणाऱ्याला सांगते, तो येऊन खांदा हलवेल. मी नको म्हटलं, आता घड्याळ बघूनच उठतो. काल सकाळी दुकान उघडलं, स्टुलावर चढलो आणि मोठ्या घड्याळाचा काटा पुढे घेतला. एक तास. रस्त्यातले लोक थांबून बघायला लागले. शिवणारा टाळ्या वाजवत होता म्हणे. एकाने विचारलं, "सी मफद्दल, सरकारने विकत घेतलं का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही, नातीने."

महिनाअखेरीस सरकार पुन्हा काटा मागे घेणार आहे म्हणतात. घेऊ दे. ते हलवतील तेव्हा मीही हलवीन. मला सूर्याशी वैर धरायचं नाही आणि सरकारशी प्रेम करायचं नाही. पण जुन्या वेळेत तू माझ्या घड्याळाप्रमाणे अजून पट्ट्यावर उभी दिसायचीस. आता साडेपाच वाजले की मी हातातलं काम फडक्यावर ठेवतो आणि वर बघतो. त्या वेळी लाराशला तुझी किल्ली दारात फिरते. मला ऐकू येतं.

तुझा मामा